विसार न दिलेलं रान

सांगलीत विश्रामबागेच्या अलीकडे मिक्सर दुरुस्तीचं एक दुकान आहे. त्याच्या माडीवरच्या खोलीत गेल्या पावसाळ्यात एक कंपनी सुरू झाली. कंपनीचं नाव ‘बिऱ्हाड’. पाटी करायला सवड झाली नव्हती, म्हणून दारावर छापील कागद चिकटवला होता. वाऱ्यानं त्याचा एक कोपरा सारखा सुटायचा आणि बनाबाई येता-जाता तो बोटानं दाबून बसवायच्या.

कंपनीत माणसं तीन. बनाबाईंची भाची अपेक्षा, तिच्याबरोबर इंजिनिअरिंग केलेला इंद्रजित, आणि स्वतः बनाबाई. मिरजेच्या एका दवाखान्यात आयाचं काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. मूलबाळ नव्हतं, मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. अपेक्षा लहानपणापासून शिक्षणासाठी त्यांच्याकडेच राहिली. कंपनीत फोन घ्यायला माणूस हवं म्हटल्यावर ती म्हणाली, “आत्या, तूच ये. धनगरांशी माझ्यापेक्षा तुझं चांगलं जमतं.”

काम समजायला सोपं होतं. माण तालुक्यातले मेंढपाळ दिवाळीच्या सुमाराला मेंढरं घेऊन पश्चिमेकडे उतरतात. वाटेवरचे शेतकरी त्यांना आपल्या रानात रात्री मेंढरं बसवायला बोलावतात. जाळी लावून मेंढरं बसवायची, रोज रात्री जाळी थोडी पुढं सरकवायची, की सगळ्या रानाला खत मिळतं. त्याबद्दल मेंढपाळाला धान्य मिळतं, पैसे मिळतात. हे सगळं आजवर तोंडी चालायचं. आता शेतकऱ्यानं मोबाईलवर बघायचं, कुठला कळप कुठल्या रात्री मोकळा आहे, आणि तिथंच ठरवायचं. कल्पना अपेक्षाची, मोबाईलमधलं सगळं इंद्रजितचं.

बनाबाई खुर्चीत बसत नसत, पाय सुजायचे. चटईवर भिंतीला टेकून बसायच्या आणि एकेका मेंढपाळाला फोन लावायच्या. कामाचं बोलणं थोडं आणि बाकीचं जास्त. कुणाची सून, कुणाचा घोडा लंगडतो, म्हसवडच्या जत्रेला कोण दिसलं नाही. इंद्रजित हसून म्हणायचा, “आत्या, एका फोनला अर्धा तास. अशानं कंपनी पन्नास वर्षांनी उभी राहील.”

“तवर मी बसलीय की हितंच,” बनाबाई म्हणायच्या.

सगळ्यात पहिलं नाव लागलं ते अपेक्षाच्या वडिलांचं, म्हणजे बनाबाईंच्या धाकट्या भावाचं, बिराप्पाचं. इंद्रजितनं ठरवून दिलेले प्रश्न अपेक्षानं वडिलांना फोनवर विचारले. कुठल्या शेतकऱ्यानं विसार दिलाय का? म्हणजे कुणी आगाऊ पैसे देऊन रात्री धरून ठेवल्यात का? बिराप्पा म्हणाला, “न्हाई बा. अजून कुणाचाबी विसार घेतल्याला न्हाई.” झालं. पडद्यावर त्याच्या सगळ्या रात्री हिरव्या झाल्या. हिरवं म्हणजे मोकळं.

दसऱ्याला कंपनीचं नशीब उघडल्यासारखं झालं. वाळव्याकडच्या शेतकऱ्यांच्या एका गटानं दिवाळीनंतरचा सबंध पंधरवडा आणि वर काही रात्री एकदम मागितल्या. गटाचा पुढारी जयराज हा इंद्रजितच्या शेजारच्या गावचा, ऊसवाला माणूस. इंद्रजितच्या वडिलांना, फौजेतून आलेल्या सुभेदारांना, तो चांगला ओळखायचा. जयराजनं सांगितलं, “हे नीट पार पडलं तर आमच्या पट्ट्यातली सगळी गावं तुमच्यात आणतो.” मोठा, भरल्या अंगाचा कळप हवा होता. तसा मोकळा कळप एकच होता, बिराप्पाचा. अपेक्षानं वडिलांना विचारलं, ते “व्हय” म्हणाले, गटानं विसार भरला, आणि हिरव्या रात्री लाल झाल्या.

इंद्रजितनं पेढे आणले. अपेक्षानं पहिला पेढा आत्याच्या तोंडात घातला. बनाबाईंनी तो खाल्ला, आणि संध्याकाळी घरी आल्यावर भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला.

दिवाळीनंतर बिराप्पा जातो कुठं? ज्ञानूच्या रानात.

पाटणच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला ज्ञानूचं रान होतं. सोयाबीन निघालं की तो ते तसंच ठेवायचा. बिराप्पाची मेंढरं येऊन बसायची, मग नांगर, मग गहू. बिराप्पाच्या बापाच्या आधीपासून हे चालत होतं. तिथं कधी विसार दिला गेला नाही, कधी फोन झाला नाही. पहिल्या रात्रीचं जेवण ज्ञानूच्या घरी, एवढं ठरलेलं. बनाबाई नऊ-दहा वर्षांच्या असताना त्याच रानात तापानं फणफणल्या. मेंढरं थांबवता येत नव्हती. ज्ञानूच्या आईनं, अंबूबाईनं सांगितलं, “पोरगी ऱ्हाऊ द्या, परतताना न्या.” बनाबाई उन्हाळ्यापर्यंत त्या घरात राहिल्या. अंबूबाईच्या कुशीत झोपल्या, गुऱ्हाळावरून आलेली काकवी भाकरीला लावून खाल्ली, ज्ञानूशी भांडल्या, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्याकडून आकडे वाचायला शिकल्या. न्यायला आलेल्या बापाला अंबूबाई म्हणाली होती, ही आता आमचीबी लेक. तेव्हापासून दर वर्षी बिराप्पाबरोबर बनाबाईंना चोळीचा खण यायचा. अंबूबाई गेली, तरी ज्ञानूची बायको पाठवत राहिली.

बनाबाईंनी भावाला फोन लावला.

“बिरू, ज्ञानूकडं कवा जायाचा तू?”

पलीकडे मेंढरांचा आवाज होता. “आवंदा न्हाई जमायचं, आक्का.”

“त्याला सांगितलंस?”

“काय सांगायचं? घरचा माणूस हाय. समजंल.”

“पोरगीनं विचारलं तवा बोलला का न्हाईस?”

“तिनं विसाराचं विचारलं. ज्ञानूनं कवा विसार दिलाय? आन मागनं ध्यानात आलं, तवर ती एवढी खूश. लेकीचं पयलं काम, आन बापानंच मोडायचं व्हय?” मग तो समजावल्यासारखा म्हणाला, “तू बी गप ऱ्हा, आक्का.”

बनाबाई गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी खोलीवर गेल्या, फोन लावले, पण बोलणं कामापुरतंच. इंद्रजितनं विचारलंसुद्धा, “आत्या, आज घोड्यांची चौकशी नाही?” त्यांना राहून राहून वाटत होतं, आपण बोललो तर पोरीच्या हातचं जातंय, आणि नाही बोललो तर ज्ञानू रान उघडं टाकून वाट बघत बसतोय. पेरणीपुरती ओल, वाफसा निघून गेला की गव्हाचं गेलं. पोरगी का ज्ञानू, असं त्यांना कधी निवडावं लागलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला त्यांनी सगळं सांगून टाकलं.

अपेक्षानं कप खाली ठेवला. “मग हे अ‍ॅपवर का नाही?”

“कोण घालणार? तुज्या बापाला ते काम वाटतच न्हाई. आन मला तरी कुठं सुचलं? तुज्या शेजारी बसून त्या हिरव्या रात्री मीबी बघितल्या की.”

इंद्रजित म्हणाला, “आत्या, जयराजदादांचं पक्कं झालंय. आपण त्यांना दुसरा कळप देऊ शकत नाही, तेवढा मोठा सध्या आहेच कुठं? दुसरा तुमच्या त्या ज्ञानूकाकांना देऊ. लहान कळप, थोडा उशिरा. मी फोन करून सांगतो.”

“फोनवर न्हाई सांगायचं,” बनाबाई म्हणाल्या. “जाऊन सांगायचं.”

शनिवारी आत्या-भाची सकाळच्या एसटीनं कराडला उतरल्या आणि तिथून पाटणची गाडी धरली. ज्ञानूच्या घरी पोचल्या तेव्हा तो रानातच होता. सत्तरीचा माणूस, डोक्याला मुंडासं, बांधावरची काटेरी कुंपणं नीट करत होता. सोयाबीनचं रान मोकळं पडलेलं. एका कडेला, बाभळीखाली, जागा झाडून घेतलेली होती आणि तीन दगडांची नवी चूल मांडलेली होती. बिऱ्हाड उतरायची ती जागा.

“बने?” ज्ञानूनं डोळ्यांवर हात धरला. “आन ही बिरूची व्हय? माज्या हातात एवढीशी हुती. मेंढरं कुठायत? तुमीच पुढं आलायसा?”

बनाबाईंना बोलायचं होतं, पण अपेक्षाच पुढं झाली. बांधावर बसून तिनं सगळं सांगितलं. कंपनी काय आहे, चूक कशी झाली, दुसरा कळप कधी येईल. मोबाईल काढून दाखवलासुद्धा.

ज्ञानूनं मोबाईल लांब धरून बघितला. “ह्यो लाल रंग म्हंजी काय?”

“ठरलंय असं.”

“आन हिरवा?”

“मोकळं.”

“म्हंजी माजं रान त्यात हिरवं हुतं.” तो जरा हसला. “बरं झालं सांगाया आलीस. उद्या नांगर घालतो. दुसरी मेंढरं नगंत, तवर वापसा जाईल. रासायनिक खत टाकीन चार पोती. लोक टाकत्यातच की.”

“काका, तुम्ही रागावला असाल तर…”

“राग कशाचा पोरी? बापाच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. लेकीचं काम मोठं.” तो बनाबाईंकडे वळला. “बने, एक सांग. पुढल्या साली मी बी ह्यात नाव लावायचं काय? विसार कुणाच्या हातात द्यायचा, बिरूच्या का ह्या पोरीच्या?”

तो टोमणा मारत नव्हता. खरंच विचारत होता.

ज्ञानूच्या बायकोनं जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. आमटी-भाकरी, वर ताक. निघताना ज्ञानू त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आला. गाडी येईपर्यंत तो पावसाचं, ऊसतोडीचं, पोराच्या पुण्यातल्या नोकरीचं बोलत राहिला. मेंढरांचं नाव काढलं नाही.

कराडच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीला वेळ होता. अपेक्षा बाकावरून उठली आणि फोन लावून बनाबाईंच्या समोरच उभी राहिली.

“जयराजदादा, अपेक्षा बोलतेय. त्या रात्री मोकळ्या नव्हत्या. चूक माझी आहे. वडिलांचा कळप तुमच्याकडे पौषात येऊ शकेल, त्याआधी नाही.”

जयराजचा आवाज मोठा होता. बनाबाईंना बसल्या जागी ऐकू आला. “मॅडम, ही कंपनी हाय का भावकी? मी इकडं सगळ्यास्नी शब्द दिलाय. माझं तोंड कुठं दाखवू?”

“तोंड मलाही दाखवायचंय लोकांना, दादा. तुम्हाला आधी सांगते, एवढंच माझ्या हातात आहे.”

“पैसे परत करा, आन पुढचं आमचं आमी बघतो.” फोन बंद झाला.

अपेक्षा बाकावर येऊन बसली. बनाबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. दोन घोट घेऊन अपेक्षा म्हणाली, “आत्या, ज्ञानूकाकांना उद्या नांगर घालू नका म्हणून सांग.”

“तूच सांग. नंबर घेतलायस ना?”

इंद्रजित दोन दिवस खोलीवर आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याचं बोलणं तुटक होतं. गावात वडिलांना जयराजकडून बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. “मला आधी विचारायला हवं होतंस,” तो अपेक्षाला म्हणाला. “कंपनी दोघांची आहे.”

“हो. विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास.”

“म्हणालोच असतो.” त्यानं कॉम्प्युटर सुरू केला. “आणि मग भांडून तू तेच केलं असतंस. भांडायची संधी तरी द्यायची.”

अपेक्षा त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. त्या दिवशी त्यांनी विसाराचा प्रश्न मागं टाकला आणि त्याच्या आधी दुसरा घातला. दर साली तुम्ही कुठं कुठं जाता? मग बनाबाई चटईवर बसल्या आणि सगळ्या मेंढपाळांना पुन्हा पहिल्यापासून फोन लागले.

ह्या प्रश्नाला उत्तर लांबलचक असायचं. कुणी आजोबांपासून सुरू करायचं, कुणी एखाद्या विहिरीपासून. कुणाला गावाचं नाव आठवायचं नाही, पण शेतकऱ्याच्या बैलाचं आठवायचं. बनाबाई मधे तोडायच्या नाहीत. अपेक्षा ऐकून ऐकून एकेक रात्र लाल करत जायची, आणि महिनाभरापूर्वी हिरवागार दिसणारा पडदा हळूहळू लाल होत गेला.

“आपल्याला विकायला उरलं काय?” इंद्रजित एकदा म्हणाला. रागानं नाही, खरोखरच हिशेब करत होता.

“पौषातल्या थोड्या. माघातल्या जरा जास्त,” अपेक्षा म्हणाली. “आणि ज्यांची जुनी रानं आता प्लॉट पडून गेली, त्यांच्या सगळ्याच. ते लोक खरंच गिऱ्हाईक शोधतायत.”

“म्हणजे कंपनी छोटीच.”

“सध्या छोटीच.”

जयराज काही परत आला नाही. त्याच्या गटातल्या दोघांनी मात्र आपणहून फोन केला. त्यांचा ऊस पौषातच तुटणार होता, त्यांना थांबायला हरकत नव्हती. इंद्रजितनं त्यांची नावं घातली आणि सुभेदारांना फोन करून तेवढं मुद्दाम सांगितलं.

दिवाळी सरली. भाऊबीजेनंतर बिराप्पा निघाला, आणि चार-आठ दिवसांनी त्याचा फोन आला. मागं मेंढरांचा आवाज, भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी हसणं.

“आक्का, पोचलो बघ ज्ञानूकडं. जेवाय बसलूय. पोरगीला दे.”

बनाबाईंनी फोन अपेक्षाकडे दिला. बाप-लेकीचं काय बोलणं झालं ते त्यांना ऐकू आलं नाही. अपेक्षा नुसती “हं, हं” करत होती. मग तिनं फोन कानापासून दूर धरला आणि म्हणाली, “ज्ञानूकाका विचारतायत, त्यांचं रान आता कुठल्या रंगाचं आहे म्हणून.”

“मग सांग की,” बनाबाई म्हणाल्या, आणि चष्मा लावून पुढच्या मेंढपाळाचा नंबर शोधू लागल्या.