गुळगुळीत कड

शर्मिष्ठा नाशिकहून चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला आली, तेव्हा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या त्या कारखान्यात मराठी बोलणारे एकटे जयतीर्थ होते. ते तंजावरच्या मराठी घराण्यातले आणि तिच्या लॅबचे प्रमुख. त्यांनी तिला काम शिकवलं, घर शोधून दिलं. त्यांची बायको अलमेलू तिला सणावाराला जेवायला बोलवायची. कारखान्यात ती त्यांना सर म्हणायची, घरी मामा.

नव्या गाडीच्या चाकाजवळच्या एका भागासाठी जास्त ताकदीचा पत्रा आला होता. तो वाकवताना कडेला फाटतो का, हे शर्मिष्ठाला तपासायचं होतं. पत्र्याला प्रेसवर ठोकून भोक पाडायचं, मग खालून शंकूसारखा पोलादी दांडा दाबून कडेला तडा जाईपर्यंत ते रुंदावत न्यायचं. जितकं जास्त रुंदावेल, तितकी कड चांगली. भोकं पाडलेले तुकडे या वेळी जयतीर्थांनी स्वतः आणून दिले. तिने ते थेट मशिनवर चढवले. पत्रा उत्तम उतरला आणि तिने अहवालावर सही केली.

उत्पादन सुरू झालं आणि भाग कडेला फाटू लागले. गाडीच्या कंपनीत बैठक झाली. तिथल्या इंजिनिअर विद्यालक्ष्मींनी विचारलं, पत्रा कोणी पास केला. शर्मिष्ठाला वाटलं, सर म्हणतील, आम्ही. जयतीर्थ शांतपणे म्हणाले, "चाचणी शर्मिष्ठाची. मी तिच्यावर विश्वास ठेवला."

ती परत येऊन थेट लॅबमध्ये गेली आणि जपून ठेवलेले जुने तुकडे काढले. ठोकून पाडलेल्या भोकाच्या कडेला वर चकचकीत पट्टा असतो, खाली खरखरीत. इथे तडा सोडला तर कड सगळीकडून गुळगुळीत होती. कोणीतरी आतून घासून काढली होती, आणि अशी कड सहजासहजी फाटत नाही.

तुकडे घेऊन ती जयतीर्थांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी नाकारलं नाही. वरून दबाव होता, म्हणाले. पत्रा आधीच विकत घेतलेला होता.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू सही केली नसतीस."

"आणि मी तुकडे निरखून पाहिले असते तर?"

"मी दिलेले तू पाहणार नाहीस, हे मला ठाऊक होतं."

तिने विद्यालक्ष्मींना फोन करून सगळं सांगितलं. त्या लॅबमध्ये आल्या. शर्मिष्ठाने त्यांच्यासमोर त्याच पत्र्याला प्रेसवर भोकं पाडली आणि चाचणी पुन्हा घेतली. भोक थोडंसं रुंदावलं न रुंदावलं, तोच कड फाटली. पत्रा नापास झाला.

जयतीर्थांना कंपनीच्या चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या ऑफिसात हलवलं, त्याच हुद्द्यावर. निघायच्या दिवशी ते सगळ्यांचा निरोप घेत तिच्या टेबलापाशी आले. इथून पुढे लॅब तूच सांभाळशील, म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं. तिने मान हलवली. अजूनही त्यांच्या कौतुकाने आपल्याला बरं वाटतं आहे, हे लक्षात आलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. ती उठून मशिनकडे गेली आणि ते जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.