रिकामी तिसरी ओळ

मी एक वही. खाकी पुठ्ठ्याची, दोनशे पानी, निफाडच्या एका शाळेतल्या गाण्याच्या सरांची. माझ्यात शब्द कमी आणि सा-रे-ग-म जास्त.

ज्ञानेश सर मुलांची समूहगीतं तीन आवाजांत बसवत. वरचा, मधला आणि खालचा. स्पर्धेत पहिला नंबर ठरलेला. पण सर भारी संशयी! दुसऱ्या शाळेने उतरवून घेऊ नये म्हणून वरचे दोनच आवाज माझ्यात लिहीत. खालचा फक्त तोंडी शिकवत, त्याची ओळ कोरी. खरं तर सगळं गाणं त्याच आवाजावर उभं असायचं. मला त्या कोऱ्या ओळींची लाज वाटे. वर मला कपाटात कुलूप!

सर निवृत्त झाले. मी त्यांच्या घरी तशीच कुलपात राहिले, डांबराच्या गोळ्यांच्या वासात.

गेल्या वर्षी त्यांची जुनी विद्यार्थिनी भाग्यश्री आली. ती नाशिकला गाणं शिकवते. तिने इंटरनेटवर समूहगीतांचं मोफत ग्रंथालय काढलंय. कुणीही स्वरलिपी घ्यावी आणि गावं. तेव्हा त्यात सातच गाणी होती.

"सर, तुमचं द्राक्षछाटणीचं गाणं हवंय. पण खालचा आवाज?"

सरांनी गुणगुणून पाहिलं. दोन सूर लागले, पुढचे आठवेनात.

"अगं, गेला तो. माझ्याच हाताने घालवला मी."

त्यांचा चेहरा मला बघवेना. भाग्यश्रीने माझ्या पानांचे फोटो तसेच चढवले आणि कोऱ्या ओळीखाली लिहिलं, 'हा आवाज कुणाला येतो का?'

आठ दिवस कुणाचंच उत्तर नाही. सर जेवेनासे झाले. नवव्या दिवशी भाग्यश्री मोबाइल नाचवतच आली. अंबडच्या कारखान्यात फिटर असलेल्या हर्षलने जेवणाच्या सुट्टीत गाऊन पाठवलं होतं.

"सर, मी मागच्या रांगेतला हर्षल. लय वर्षं झाली, पण अजून पाठ हाय. पोरीला झोपवताना हेच म्हणतो."

मागे यंत्रांची घरघर आणि पुढे खालचा आवाज, अख्खा! सरांनी डोळे पुसले.

"गाढव कुठला! निषाद अजून उतरलेलाच लावतो," ते म्हणाले. "भाग्यश्री, पेन दे."

माझी ओळ भरली. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! आता ग्रंथालयात तीनशेवर गाणी आहेत. सटाण्याच्या एका बाईंनी अहिराणी गाणी पाठवली, आणि आमचं गाणं सुरगाण्याची मुलं म्हणतात. तुमच्याही कपाटात माझी एखादी बहीण कोंडलेली असेल, तर तिला मोकळी करा, एवढंच मागणं.

माझं कपाट उघडंच असतं. सर रोज सकाळी भाग्यश्रीला फोन लावतात आणि अधीरपणे विचारतात, "आज कुणी उतरवून घेतलं का गं?"