लिफ्टवाल्या काकांची बॅटरी

"कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण या इमारतीची बॅटरी मीच आहे!" लिफ्टवाले काका छातीठोकपणे म्हणाले. गच्चीवरच्या सोलरसाठी बॅटरी घ्यायची आणि त्या खर्चापायी काकांना घरी बसवायचं, असा बेत सोसायटीच्या बैठकीत शिजत होता. पोटावर पाय येतोय म्हटल्यावर काकांची जीभ सैल सुटणारच.

"दुपारी सोलरची वीज फुकट जाते आणि संध्याकाळी विकतची वीज डोळे पांढरे करते, खरं ना? म्हणून परवा भर दुपारी मी सेक्रेटरीसाहेबांची अख्खी सासुरवाडी सहाव्या मजल्यावर चढवून ठेवली आणि संध्याकाळी उतरवली. भरलेली लिफ्ट उतरताना मोटर उलटी फिरून वीज बनवते!"

"चढवायला लागली तेवढीसुद्धा परत मिळत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"छे! मंडळी चढली उपाशी, उतरली तुडुंब जेवून. वजन वाढलं, वीज वाढली! अशी बॅटरी बाजारात मिळते का?"

बैठक विचारात पडली. काकांनी मिशीला पीळ दिला. तेवढ्यात मुक्कामाला राहिलेल्या सेक्रेटरींच्या सासूबाई कंबरेवर हात ठेवून उठल्या.

"अरे लबाडा, आणि ते जेवण काय जिन्याने चालत गेलं? माझी भरली पातेली तूच लिफ्टमधून वर नेलीस ना!"