मॅक्सीन, चिप्स गार होतायत

तिसरं गाणं संपतं आणि चौथं सुरू व्हायचं असतं, तेव्हा मध्ये चार सेकंद शांतता असते. त्या चार सेकंदांत दीडशे माणसं एका दमात ओरडतात, "मॅक्सीन! चिप्स गार होतायत!"

दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, शेफिल्डच्या एका कामगार क्लबच्या वरच्या हॉलमध्ये हे घडतं. 'पेपर टर्बाइन' या बँडची पहिली रेकॉर्ड, 'यलो कॉरिडॉर', एक्क्याऐंशी साली याच सुमारास निघाली होती. त्यानंतर बँडनं आणखी चार रेकॉर्डी काढल्या, पण त्यांच्याविषयी इथे कुणी बोलत नाही. बोललंच तर वाया गेलेल्या भाच्याविषयी बोलावं तसं, आवाज खाली आणून. इथली भक्ती फक्त पहिलीवर. ती सुरुवातीपासून शेवटापर्यंत लावायची, मध्ये उठायचं नाही, आणि चार सेकंदांत ओरडायचं. पूर्वी हा कार्यक्रम रात्री नऊला सुरू होई. आता मंडळींचे गुडघे बोलू लागल्यामुळे दुपारी दोनला होतो आणि सहाच्या बसनं सगळे घरी जातात. पण सुई टेकली, सिंथेसायझरचे ते पहिले गारठलेले सूर निघाले, की टक्कल पडलेली, पोट सुटलेली, नातवंडं झालेली माणसं डोळे मिटून उभी राहतात आणि चक्क सोळा वर्षांची दिसतात.

ओरडणाऱ्यांतल्या निम्म्यांना ठाऊकही नाही, की मॅक्सीन खरोखरची बाई आहे. नेदरलँड्सहून येणाऱ्या एका जोडप्यानं तर ते वाक्य शर्टांवर छापून घेतलंय. खरी मॅक्सीन मागच्या भिंतीला टेकून उभी असते. वय अठ्ठावन्न, नोकरी दातांच्या दवाखान्यात, लोकांना तारखा द्यायची. ओरडा झाला, की ती कानापर्यंत लाल होते आणि जिना उतरून खाली बारवर जाते. पुढची दोन गाणी तिनं बेचाळीस वर्षांत या हॉलमध्ये उभी राहून ऐकलेली नाहीत.

झालं होतं असं. सोळाव्या वर्षी मॅक्सीननं ही रेकॉर्ड शहराच्या लायब्ररीतून आठवड्यापुरती आणली. दुसऱ्या दिवशी परत करायची होती. तिच्याकडे एक कोरी कॅसेट होती, पण टेपरेकॉर्डर प्लेअरला जोडायची वायर नव्हती. म्हणून तिनं स्पीकरसमोर खुर्ची ठेवली, खुर्चीवर टेपरेकॉर्डर, त्याच्या पुढ्यात माइक. वडिलांना बूट काढायला लावले, पोपटाच्या पिंजऱ्यावर टॉवेल टाकला आणि घरात कुणी श्वासही मोठ्यानं घ्यायचा नाही असा हुकूम सोडला. एवढा बंदोबस्त केला आणि स्वयंपाकघरात जेवणासाठी चिप्स, म्हणजे बटाट्याच्या जाड फोडी, तळणाऱ्या आईला सांगायचं मात्र राहून गेलं.

आई आयरीन सुऱ्या-काट्यांना झिलई देणाऱ्या कारखान्यात होती. दिवसभर फिरत्या चाकासमोर उभं राहायचं, धूळ अडवायला अंगाला वर्तमानपत्रं गुंडाळून, डोक्याला लाल फडकं बांधून. चाकांचा आवाज इतका, की शेजारणीशी बोलायचं तर ओरडावं लागे. तोच आवाज ती घरी घेऊन यायची. तिसरं गाणं संपलं, चार सेकंदांची शांतता पडली, आणि दार उघडून आयरीननं नेमकी तेव्हाच हाक मारली.

मॅक्सीन रडकुंडीला आली. "सत्यानाश केलास! सगळा सत्यानाश!" हे ती अर्थातच पाय आपटत खोलीबाहेर जाऊन, आई मागाहून आल्यावर ओरडली, कारण रेकॉर्ड अजून चालूच होती. मग स्वयंपाकघरात बसून तिनं फुरंगटून त्या चिप्स खाल्ल्या. गारच झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिनं ती कॅसेट इव्हेटच्या अंगावर फेकली. "घे. मला नको." इव्हेट तिची मैत्रीण, आज हा सगळा मेळावा तीच भरवते. तिनं ऐकली, हसून हसून लोळली आणि वर्गातल्या दहाजणांना तिच्या प्रती काढू दिल्या. हाक आली, की हशा एवढा व्हायचा की पुढचं कुणी ऐकतच नसे. पुढे बँड शहरात आला तेव्हा त्या दहाजणांनी गाण्यांच्या मधल्या शांततेत ती हाक मारली, आजूबाजूच्यांनी उचलली, आणि प्रथा पडली ती पडलीच.

मॅक्सीनला त्या कॅसेटची गरज उरली नव्हती, कारण पंधरा दिवसांनी वाढदिवसाला आईनं तिला नवी कोरी रेकॉर्ड आणून दिली. देताना म्हणाली, "आठ तास ते चाक ऐकून घरी यायचं, आणि घरी तू तेच लावतेस. पैसे देऊन!"

हा शेरा मॅक्सीननं जन्मभर जपला. आईला आपलं संगीत कधी कळलं नाही, अशी तिची खात्री होती. म्हातारपणी आयरीन मात्र दर ऑक्टोबरात विचारायची, "अजून ओरडतात का गं तुझी माणसं?"

"ओरडतात."

"मला ने की एकदा. ऐकू दे."

"पुढच्या वर्षी नेते. जिना फार उभा आहे, आई."

या फेब्रुवारीत आयरीन गेली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. आणि एप्रिलमध्ये केव्हातरी, भांडी घासता घासता मॅक्सीनच्या लक्षात आलं, की आईचा आवाज आठवत नाहीये. शब्द आठवत होते, पण ते कानात मॅक्सीनच्या स्वतःच्याच आवाजात यायचे. तिनं घर पालथं घातलं. फोटो ढीगभर होते, पण आवाज कुठेच नाही. आयरीनला फोनचा तिटकारा. सुखरूप घरी पोचले हे कळवायला ती तीन रिंगा द्यायची आणि ठेवून द्यायची. लग्नाच्या व्हिडिओतही कॅमेरा समोर आला, की तोंडावर हात. चौऱ्याऐंशी वर्षं ती बाई घर दणाणून बोलली आणि मागे एक शब्द ठेवला नाही. एक वाक्य सोडून.

तिनं इव्हेटला फोन केला. "ती कॅसेट कुठाय?"

"अगं, ती माझ्या नवऱ्याच्या गाडीत वितळली. शहाऐंशी साली. आणि गाडीबरोबर नवराही गेला."

"आणि प्रती?"

इव्हेटनं सगळीकडे निरोप धाडले. कुणाची फेकली गेली होती, कुणी तिच्यावर फुटबॉलची कॉमेंट्री भरली होती. सप्टेंबर संपत आला तेव्हा एकच माणूस उरला, क्लाइव्ह.

क्लाइव्ह कधी काही फेकत नाही. तीस वर्षं बस चालवली, आणि पहिल्या दिवसाचं तिकिटांचं रीळही त्याच्याकडे आहे. मेळाव्यात तो चेष्टेचा विषय होता, कारण चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला, जिथे नुसतं ड्रम मशीन वाजतं, तिथे तो दरवर्षी एक चाल गुणगुणायचा. ती चाल रेकॉर्डवर कुठेच नाही. शिवाय मध्येच घसा खाकरायचा, तोही नेमाने, दर वेळी त्याच जागी. लोक म्हणायचे, "क्लाइव्ह, यंदा खोकला तालात आहे हां!" तो म्हणायचा, "माझ्या कॅसेटवर आहे. तुमच्या सीडीवाल्यांनी कापलं असेल." मॅक्सीननं हे इतरांच्या तोंडून ऐकलं होतं एवढंच. त्या वेळी ती बारवर असायची.

यंदाच्या शनिवारी ती दीड वाजताच आली. हॉलच्या मागे खुर्च्या रचून ठेवायची खोली होती, तिथे क्लाइव्ह थांबला होता. समोर जुना प्लेअर, हातात कॅसेट, आणि चेहरा असा की बस कुणाच्या तरी कुंपणात घातली असावी.

"मॅक्सीन, राणी, आधी बस."

"लाव ना रे."

"लावतो. पण आधी एक सांगायचंय. मी तेव्हा फार शहाणा होतो. म्हणजे समजायचो स्वतःला. मला रेकॉर्ड शुद्ध हवी होती. प्रत काढताना..." त्यानं घसा साफ केला. "तुझ्या आईची हाक आली तिथे मी पॉज दाबला."

मॅक्सीननं त्याच्या हातातल्या कॅसेटकडे बोट दाखवलं.

"कापलीस?"

"सतरा वर्षांचा होतो गं."

"नऊजणांनी ठेवली, क्लाइव्ह! आणि ज्यानं टिकवायचं म्हणून टिकवलं, त्या एकट्यानं कापली!" तिचा आवाज चढला, फाटला. सहा महिने ती या एका वाक्याच्या आशेवर होती. तिला त्या उंच, कनवाळू माणसाला थोबाडीत मारावंसं वाटलं आणि त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं.

"मला आज यायचंच नव्हतं," क्लाइव्ह म्हणाला. "पण म्हटलं, तोंडावर सांगावं. ऐक तरी. पुढची माझी चाल आहे, ती तरी खोटी नाही हे तुला पटेल."

त्यानं बटण दाबलं, काहीतरी करायचं म्हणून. खरखरीतून तिसऱ्या गाण्याचा शेवट आला. मग खट्, पॉजचा आवाज. हाक नव्हती. ड्रम मशीन सुरू झालं, टक-टक-टक, आणि त्याच्यावर, माइकच्या अगदी जवळ, कुणीतरी गुणगुणू लागलं.

बाई होती. शब्द नव्हते. यंत्राच्या तालावर सहज, सवयीनं धरलेली चाल, समोरचा आवाज कितीही मोठा असला तरी त्याच्या वर तरंगणारी. मध्ये एकदा ती थांबली आणि खाकरली. झिलईच्या धुळीनं घशात घर केलेलं ते खाकरणं, जे मॅक्सीन रोज संध्याकाळी फाटकापासून ओळखायची. मग गुणगुण पुढे चालू.

मॅक्सीननं तोंडावर हात दाबला.

ती बाहेर पाय आपटत गेली तेव्हा आई खोलीतच थांबली होती. ऐकत होती. टेपरेकॉर्डरच्या लाल दिव्यापाशी वाकून, हातात झारा असणार, कारखान्यातल्या बाया चाकांवर गात तशी या मशीनवर गात होती. आईला हे संगीत कळलं नाही म्हणून मॅक्सीन बेचाळीस वर्षं रुसली होती. आईला ते इतरांपेक्षा आधी कळलं होतं. त्या आवाजावर गायचं असतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

गायक सुरू झाला तशी गुणगुण थांबली. दाराचा आवाज आला. बस्स, वीस सेकंद.

"क्लाइव्ह," ती म्हणाली, "ही माझी आई आहे."

क्लाइव्ह प्लेअरकडे बघायला लागला. "मी... ते सिंथेसायझर समजत होतो गं. आणि खाकरणं म्हणजे मला वाटलं, काहीतरी नवीन वाद्य असेल." मग त्याच्या ध्यानात आलं, आणि तो भीत भीत म्हणाला, "म्हणजे मी इतकी वर्षं आयरीन गात होतो?"

मॅक्सीनला हसू फुटलं. त्याबरोबर रडूही. "खोकल्यासकट, मूर्खा."

"परत लावू?"

"लाव."

त्यांनी ती सहा वेळा ऐकली. सातव्यांदा इव्हेटनं दारातून डोकं घातलं, "अरे, दोन वाजले, सगळे खोळंबलेत!" आणि दोघांचे चेहरे बघून हळूच दार लोटून घेतलं.

हॉल भरला होता. मटणाच्या पेस्ट्रीचा आणि उकडलेल्या वाटाण्याचा वास, ओल्या कोटांचा वास. सुई टेकली. पहिलं गाणं, दुसरं. मॅक्सीन नेहमीच्या भिंतीपाशी होती, पण आज क्लाइव्हची बाही घट्ट धरून. तिसरं गाणं संपलं.

"मॅक्सीन! चिप्स गार होतायत!"

दीडशे तोंडं, आणि शब्द आईचे. ही हाक कुठल्याच कॅसेटवर नव्हती, पण ती हरवलीही नव्हती. तिच्या ओळखीच्या आणि अनोळखी माणसांनी ती इतकी वर्षं न विसरता, न बदलता मारली होती. त्या संध्याकाळी मॅक्सीननं तिला उत्तर दिलं नव्हतं. नंतरही कधी दिलं नव्हतं.

"आले गं, आई!" ती भिंतीपाशी उभी राहून ओरडली.

माना वळल्या. शर्टवाला डचमन तिच्याकडे बघतच राहिला. ड्रम मशीन सुरू झालं होतं, आणि क्लाइव्ह, आयुष्यात पहिल्यांदाच, संकोचून गप्प उभा होता. मॅक्सीननं त्याला कोपरानं ढोसलं.

"गा ना."

त्यानं चाल धरली. तीही त्याच्याबरोबर गुणगुणू लागली. बारकडे जायचा जिना शेजारीच होता, पण ती हलली नाही. मधल्या जागी दोघं मिळून खाकरले आणि पुढे गात राहिले.