रक्तातली खोट

१९८९ सालचा ऑक्टोबर. ग्लासगोच्या विद्यापीठात प्रोफेसर पद्माकर टिपणीस बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल घेत होते. विद्यार्थ्यांनी स्वतःच्याच बोटातून थेंबभर रक्त काढायचं आणि त्यातलं हिमोग्लोबिन तपासायचं. "रिझल्ट ज्याचा त्याचा. या खोलीबाहेर एक शब्द जाणार नाही," असं ते दरवर्षी बजावत.

मीनल राजवाडे ही त्यांच्या डॉक्टर मित्राची मुलगी. तिच्या रक्तात थॅलसेमिया या आनुवंशिक आजाराचा अंश निघाला.

"म्हणजे मी फक्त कॅरिअर ना, काका?"

"हो. तुला काही होत नाही. नवराही कॅरिअर असला, तरच मुलांना धोका."

ती हसून कामाला लागली.

संध्याकाळी जेवताना प्रोफेसर कौतुकाच्या भरात बायकोपाशी बोलून गेले. पोरीने काम किती सुबक केलं, रिझल्ट पाहून जराही डगमगली नाही! सुलक्षणाबाईंचा घास हातातच राहिला. त्यांच्या लंडनमधल्या, एजवेअरच्या भाच्याशी, नंदूशी, मीनलचं लग्न ठरत आलं होतं.

चार दिवसांत ते मोडलं. दिवाळीपर्यंत घरोघरी एकच बोललं जाऊ लागलं, राजवाड्यांच्या मुलीच्या रक्तातच खोट आहे.

"नंदूचं रक्त तपासलं का कुणी?" प्रोफेसरांनी विचारलं.

"अहो, मुलाचं कशाला तपासायचं? चांगला धट्टाकट्टा आहे."

"मीनल आजारी आहे का?"

"मग सांगा ना तसं नंदूच्या आईला, माझ्या वहिनीला!"

प्रोफेसरांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. बायकोच्या माहेरच्या भानगडीत आपण कशाला पडा, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मनाला ती पटली नाही.

सोमवारी मीनल ऑफिसात आली. खुर्चीवर बसली नाही.

"प्रोफेसर टिपणीस, मला प्रोजेक्टला दुसरा सुपरवायझर पाहिजे."

"मीनल, अगं, त्या लग्नाचं मला फार..."

"माझं लग्न मोडलं, दॅट्स फाइन. असल्या घरात मला जायचंच नाही. पण आई रडते. म्हणते, माझ्यामुळे झालं, माझं रक्त वाईट. आणि मी ते रक्त तुमच्यावर ट्रस्ट करून दिलं होतं."

त्यांनी फॉर्मवर सही केली. ती थँक यू म्हणाली, तेच त्यांना सर्वांत जास्त लागलं.

घरी येऊन कोटही न काढता त्यांनी एजवेअरला फोन लावला.

"वहिनी, पद्माकर बोलतोय. मीनलचा रिझल्ट बाहेर फोडणारा मी. खोट तिच्या रक्तात नाही, माझ्या जिभेत आहे. आणि लग्नाआधी तपासायचं, तर मुलाचंही रक्त तपासायला हवं. नंदूपासून सुरुवात करा."

पलीकडून फोन आपटला गेला.

"अहो, लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवणार आहात का?" सुलक्षणाबाई कडाडल्या.

"त्या पोरीला ठेवली का आपण?"

महाराष्ट्र मंडळाची सभासदांची यादी त्यांनी टेबलावर पसरली. यादीतल्या प्रत्येक घरी हेच सांगायचं होतं, पण पहिला फोन राजवाड्यांकडे. माफी मागायची होती ती मीनलच्या आईची. नंबर फिरवताना त्यांचं बोट दोनदा चुकलं.