सोय आहे

खळ्यावर उफणणी चालली होती. आत्या एका हातानं धान्य लोटत होती, दुसऱ्या हातानं गाल धरून होती. दाढ आठ दिवस ठणकत होती. त्या काळी गावात दात काढणारा माणूस एकच, लोहार. आणि त्याचा हात आता असा कापायचा, की नाल ठोकताना बैलच डोळे मिटून घ्यायचा.

"चल आत्या, दुपारी उपटून टाकतो," लोहार म्हणाला.

"आधी कोणती दुखते ते तरी विचार. मागच्या खेपेला शेजारची नेलीस."

"मग काय झालं? तेवढीच हवा खेळती राहिली."

तेवढ्यात जीप आली. तिची सगळी धूळ नुकत्याच उफणलेल्या धान्यावर बसली. आतून एक साहेब उतरले, मागून कागदांचा गठ्ठा घेतलेल्या बाई. या भागात दातांचं कॉलेज काढावं की नाही, याचा अभ्यास करायला निघाले होते. कॉलेज आलं तर दवाखाना येणार, सुई टोचून, न दुखवता दाढ काढणार, असं साहेब म्हणाले. आत्याला वाटलं, देवच जीपमधून उतरला.

"आजी, वर्षभरात दातांच्या डॉक्टरकडे किती वेळा गेलात?" बाईंनी विचारलं.

"एकदाही नाही."

"म्हणजे गरज पडली नाही."

"अगं बाई, डॉक्टर असला तर जाऊ ना."

पण रकान्यात शून्य पडलं होतं.

"दात काढायची सोय? लिहा, काहीच नाही," साहेब हसून म्हणाले. "असल्या गावात काय असणार?"

ते हसणं आत्याला दाढेपेक्षा जास्त लागलं. पाहुण्यापुढं घरातलं रितं मडकं कुणी उपडं करून दाखवतं का?

"नाही कसं? आमचा लोहार आहे की. तीन गावं येतात त्याच्याकडं, तीस वर्षं झाली."

लोहारानं छाती फुगवली. बाईंनी लिहिलं, 'सोय आहे. अनुभव तीस वर्षं.'

जाताना साहेबांनी आत्याचे आभार मानले. अशी नेमकी माहिती कुणी देत नाही म्हणे.

दोन महिने दाढ चार दिवस गप्प बसायची, चार दिवस बोंबलायची. आत्या कॉलेजची वाट बघत तिला समजावत होती. मग एके दिवशी मास्तरांनी पारावर अहवाल वाचला. या भागातल्या लोकांना डॉक्टरची गरज भासत नाही. अनुभवी सेवा गावातच आहे. सबब कॉलेज शहरात काढावं, तिथं दवाखाने पुष्कळ असल्यानं लोकांना जायची सवय आहे.

आत्या उठली, भट्टीपाशी गेली आणि दगडावर बसली.

लोहारानं पकड पुसली. हात रोजच्यापेक्षा जास्त कापत होता.

"कोणती गं, आत्या?" जन्मात पहिल्यांदा त्यानं विचारलं.

"ही. आणि नीट धर मेल्या. तू आता नुसता लोहार नाहीस, सोय आहेस."