राखून ठेवलेला कॅचर

एमेट टियरनी बॅटरच्या मागे उकिडवा बसून उघड्या हातांनी चेंडू झेलायचा. रोचेस्टरच्या बेसबॉल क्लबात त्याच्याइतका भरवशाचा कॅचर दुसरा नव्हता. त्या वर्षी त्याच्या बायकोनं, हॅनानं, छातीच्या दुखण्यानं अंथरूण धरलं आणि तिला माहेरी, स्क्रँटनला हलवावं लागलं. स्क्रँटनच्या संघालाही कॅचर हवा होता. हंगाम संपताच एमेट क्लबचे मालक वेदरबी यांना भेटला.

"साहेब, करार संपला. आता मला मोकळं करा."

"करार संपला, आमचा हक्क नाही संपला," वेदरबी म्हणाले. "पुढच्या वर्षासाठी तुला राखून ठेवलंय."

"मग मी खेळतच नाही."

"नको खेळूस. दुसरीकडे कोण खेळवतो, तेवढं बघतो मी."

एकानं राखलेला खेळाडू दुसऱ्यानं घ्यायचा नाही, असं सगळ्या क्लबांचं आपसात ठरलेलंच होतं. स्क्रँटनच्या संघानं एमेटला दारातूनच परतवून लावलं. तो तिथल्याच बिअरच्या कारखान्यात पिंपं ढकलू लागला. दिवसभर हॅनापासून फार लांब नसायचा, एवढंच समाधान. पण मैदानावरचा आरडाओरडा कानी आला की त्याचे हात शिवशिवायचे.

हॅनाचा भाऊ मार्टिन कोळशाच्या खाणीत होता. खाणकामगारांच्या संघात त्यानं एमेटला खोट्या नावानं उतरवलं. दुसऱ्याच सामन्यात पाहुण्या संघातल्या एकानं त्याला ओळखलं. आठवड्याभरात क्लबांकडून निरोप आला : टियरनीबरोबर जो खेळेल, त्यालाही कुठलाच क्लब घेणार नाही.

मार्टिन संध्याकाळी घरी आला. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला.

"पोरांना पुढं जायचंय रे, एमेट. दोघा-तिघांच्या अंगात खेळ आहे."

"मला कळतं की."

"मला बोलायला लाज वाटतेय."

"तुझा काय दोष? चहा घे."

हॅना भिंतीकडे तोंड करून पडली होती. मार्टिन गेल्यावर ती म्हणाली, "परत जा. इथं बसून तू रोज थोडा थोडा संपतोयस. ते मला बघवत नाही."

वसंतात तो वेदरबींपुढे जाऊन उभा राहिला. क्लबनं तोवर नवा, तरुण कॅचर उभा केला होता.

"मग आता तरी सोडा मला," एमेट म्हणाला.

"आणि उद्या आमच्याच विरुद्ध खेळशील? बस तिथं बाकावर."

पहिल्या सामन्याला मैदान भरलं होतं. एमेटनं गणवेशाची बटणं लावली आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसला. लोक नव्या पोराच्या नावानं ओरडत होते. पोरगा चांगला होता. ते एमेटला पहिल्याच चेंडूला दिसलं. सामना संपेपर्यंत त्याला कुणी हाक मारली नाही.